तुम्ही विचारलंत म्हणून: पगाराच्या अभ्यासात गोपनीयता कुठून आली?

पगार आणि नोकऱ्यांवर संशोधन करणाऱ्याने माहितीच्या गोपनीयतेत कशासाठी शिरावे, असे मला विद्यार्थी विचारतात आणि सुट्टीत मी पुण्याला आलो की नातेवाईकही विचारतात.

एकाच कामाला दोन कंपन्यांत वेगळा पगार मिळतो तो कामगाराच्या कुवतीमुळे की कंपनीमुळे, हे ठरवायचे तर तोच कामगार कंपनी बदलल्यावर त्याच्या पगाराचे काय झाले, ते वर्षानुवर्षे पाहावे लागते. अर्थशास्त्रज्ञ जॉन अबाउड, फ्रान्सिस क्रामार्झ आणि डेव्हिड मार्गोलिस यांनी 1999 मध्ये दहा लाखांहून अधिक फ्रेंच कामगारांच्या नोंदींवर हेच केले. अमेरिकेत अशा नोंदी मालक बेरोजगारी विम्यासाठी दर तिमाहीला राज्य सरकारकडे भरतात. कामगारांनी त्या माझ्यासाठी दिलेल्या नाहीत, आणि याचा मला विसर पडू नये असे वाटते.

नावे गाळली की काम झाले, हा समज खोटा आहे. समजा, एका काउंटीत, म्हणजे अमेरिकेतल्या जिल्ह्यासारख्या भागात, दोनच रुग्णालये आहेत आणि दोघांच्या पगारखर्चाची बेरीज छापली गेली. पहिले रुग्णालय त्यातून स्वतःचा आकडा वजा करते आणि दुसऱ्याचा खर्च त्याच्या हाती येतो. पुढच्या तिमाहीत तिथे एकच परिचारिका वाढली आणि बाकी काही बदलले नाही, तर तिचा पगारसुद्धा. अमेरिकी जनगणना विभागाने आपल्याच 2010 च्या प्रसिद्ध तक्त्यांवर प्रयोग केला, तेव्हा सुमारे 46 टक्के लोकांचे वय, लिंग, वंश आणि राहण्याचा भाग नुसत्या गणिताने तंतोतंत जुळवता आला.

म्हणून आकड्यांत मोजूनमापून यादृच्छिक, म्हणजे फासे टाकल्यासारखी योगायोगाने ठरणारी, चूक मिसळतात. लोक कुठे राहतात आणि कुठे कामाला जातात हे दाखवणाऱ्या नकाशासाठी या विभागाने ही पद्धत 2008 मध्येच वापरली. चूक किती मिसळायची, हे मात्र गणित सांगत नाही. अबाउड आणि इयन श्मुटी यांनी 2019 मध्ये तो समाजाने करायचा निवाडा म्हणून मांडला, आणि मला ते पूर्ण पटते.

शिकागोच्या आकड्यात पाच-दहाचा फरक पडला तर कोणाला जाणवतही नाही, पण जिथे एका उद्योगात बाराच कामगार आहेत तिथे तो तक्ता निरुपयोगी होतो. तरीही अशा ठिकाणी मी चूक कमी करा म्हणत नाही, चार तिमाह्या एकत्र करून छापा म्हणतो, कारण त्या बारा जणांना तिथे सगळे नावानिशी ओळखतात.