डोलकाठी चढवताना आणि उतरवताना : माझा अनुभव

आमची शिडाची होडी राहते कोल्हापुरात आणि पाण्यात उतरते घाट ओलांडल्यावर. अठरा फुटी फायबरची होडी ट्रेलरवर असते. फोंड्याने जा नाहीतर गगनबावड्याने, डोलकाठी आडवी केल्याशिवाय आमच्या गल्लीतूनसुद्धा बाहेर पडता येत नाही. म्हणजे प्रत्येक फेरीला काठी एकदा उभी करायची आणि एकदा उतरवायची. हे काम आता दोन माणसांत सव्वा तासात होतं. त्यातली काठी प्रत्यक्ष वर जायची वेळ जेमतेम चार मिनिटं, बाकी सगळी तयारी.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठी नाचवताना ज्याने पाहिली आहे, त्याला या कामातली मुख्य गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. काठी तोलणाऱ्याकडे सगळे बघतात, पण ती खरी सांभाळतात चारी बाजूंनी दोर ताणून धरणारी माणसं. होडीच्या डोलकाठीचंही तसंच आहे. वजन उचलायची सोय कशीही करता येते. काठी आडवी कलंडली, तर मात्र पायाची बिजागरी पिळवटते नाहीतर डेकमधून स्क्रू उपटून येतात.

आधी मापं सांगतो, कारण पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर आहे. काठी ॲल्युमिनियमची, ६.७ मीटर, तारांसकट वजन साधारण २५ किलो. तोल बुडापासून ३.३ मीटरवर येतो. बूड केबिनच्या छतावरच्या बिजागरीत बसतं आणि तिथून नाळेचं, म्हणजे होडीच्या पुढच्या भागाचं, टोक २.४ मीटर पुढे आहे. पुढचा तणावा म्हणजे फोरस्टे आणि बाजूचे दोन तणावे म्हणजे श्राउड, हे काठीला साडेपाच मीटर उंचीवर धरलेत. मागचा बॅकस्टे थेट शेंड्यावरून येतो. तारा ४ मिलिमीटरच्या, १९ पदरी, ३१६ स्टेनलेसच्या.

पंचवीस किलो म्हणजे काहीच नाही, फोरस्टे धरून नाळेवरून ओढू, असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. पण काठी दहा अंशांवर टेकलेली असताना फोरस्टेची तार बिजागरीच्या जवळजवळ रेषेतच असते. तरफेला हात मिळतो तो फक्त २९ सेंटीमीटर. हिशेब केला तर त्या क्षणी तारेत सुमारे २८० किलो ओढ लागते. वीस अंशांवर ती १३५ पर्यंत उतरते आणि पुढे झपाट्याने कमी होते. म्हणजे सगळं अवघड पहिल्या वीस अंशांतच आहे. तिथे खांद्याने रेटा देणारा माणूस दमला, की काठी खाली येते.

उपाय जुना आहे. काठीच्या बुडाशी काटकोनात एक आखूड खांब पुढच्या बाजूला उभा करायचा. याला जिन पोल म्हणतात. आमचा दीड इंची बी-क्लास जीआय पाइपचा, दोन मीटर लांब, सात किलोचा आहे. एका टोकाला काठीच्या गोलाईवर बसेल असा यू आकाराचा पट्टा, दुसऱ्या टोकाला दोन कड्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही वेल्डिंगवाल्याला कागदावर काढून दिलं तर संध्याकाळी हातात मिळतं. पट्ट्याच्या आत रबर चिकटवून घ्यायला विसरू नका, नाहीतर काठीवर चरे पडतात. वरच्या एका कडीला जिबचा, म्हणजे पुढच्या छोट्या शिडाचा, हॅलियार्ड (शीड वर चढवायचा दोर) बांधायचा, दुसरीपासून नाळेपर्यंत चार पदरांचा कप्पी-दोर. कप्प्या वेगळ्या विकत घ्यायची गरज नाही, मोठं शीड ओढून धरणाऱ्या दोराच्या, म्हणजे मेनशीटच्याच वापरायच्या. या रचनेत सुरुवातीची ओढ पन्नास किलोवर येते. चार पदरांत ती विभागली आणि कप्प्यांचं घर्षण धरलं, तरी हाताला पंधरा-सोळा किलो लागते. विहिरीतून भरली घागर शेंदल्यासारखं.

खांबाची लांबी ठरवताना एक चूक नेहमी होते. खांब जितका लांब तितकी ओढ कमी, म्हणून लोक अडीच मीटरचा करतात. काठी उभी होते तेव्हा हा खांब आडवा होऊन नाळेकडे येतो. तो बिजागरी ते नाळ या अंतरापेक्षा लांब असेल, किंवा त्यात दोन कप्प्यांची स्वतःची लांबी मावत नसेल, तर कप्प्या एकमेकींना भिडतात आणि काठी सत्तर-ऐंशी अंशांवर अडकून राहते. वरही जात नाही आणि सोडवतही नाही. आमच्याकडे २.४ उणे २ म्हणजे ४० सेंटीमीटर उरतात. दोन कप्प्यांना पंचवीस लागतात. त्याहून कमी ठेवू नये. दोर मात्र सोळा मीटर तरी हवा, कारण काठी आडवी असताना कप्प्यांमधलं अंतर तीन मीटरच्या आसपास असतं आणि त्याचे चार पदर होतात.

आता बाजूचा प्रश्न. श्राउड तर आधीच लावलेले असतात, मग काठी कलंडेल कशी? कलंडते, कारण श्राउडच्या चेनप्लेट (तार अडकवायच्या पट्ट्या) डेकवर आणि बिजागरी केबिनच्या छतावर, दीड फूट उंच. शिवाय चेनप्लेट काठीच्या किंचित मागे. काठी मागे झुकली की चेनप्लेटपासून वरच्या टोकापर्यंतचं अंतर कमी होतं आणि श्राउड लोंबायला लागतात. काठी पूर्ण उभी झाल्यावरच ते ताठ होतात. मधल्या सगळ्या वेळात बाजूला धरणारं काहीच नसतं. म्हणून दोन्ही बाजूंना जादा दोर लावायचे. प्रत्येक बाजूला डेकच्या कडेवरून पुढून एक आणि मागून एक असे दोन आखूड दोर आणून ते एका स्टेनलेसच्या कडीत बांधायचे. ही कडी बरोबर बिजागरीच्या पिनच्या रेषेत आणि तिच्याच उंचीवर यायला हवी. कडीतून वर दोन दोर : एक काठीला दोन मीटर उंचीवर, दुसरा जिन पोलच्या टोकाला. कडी बिजागरीच्या अक्षावर असल्यामुळे काठी कुठल्याही कोनात असो, या दोरांची लांबी बदलत नाही. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ताठ राहतात. कडी दोन बोटं खाली-वर असली तरी चालतं, वीतभर चुकली तर एका कोनात दोर सैल पडतो. दोर ८ मिलिमीटरचे पॉलिएस्टरचे घ्यावेत. नायलॉन ताणतो, या कामाला नको. एकदा माप जमलं की गाठी सोडायच्या नाहीत, दोर तसेच पिशवीत ठेवायचे.

जागा निवडताना आधी वर बघायचं. ट्रेलरवरच्या होडीत उभ्या काठीचा शेंडा जमिनीपासून नऊ मीटरच्या आसपास जातो, आणि रस्त्यावरच्या ११ केव्ही विजेच्या तारा सहा मीटरच्या आसपास असतात. आपल्याकडे नदीचा काठ म्हणजे उपसा मोटारी आल्या, आणि मोटारी आल्या म्हणजे तारा आल्याच. पंचगंगेच्या काठाने चालून बघा, उसाच्या फडातून येणारी लाइन पाण्याच्या कडेपर्यंत आलेली असते. ॲल्युमिनियमची काठी आणि स्टेनलेसच्या तारा, दोन्हींतून वीज सरळ तुमच्या हातात येते. काठी उभी करायची जागा ते पाण्यात उतरायचा उतार, एवढा सगळा रस्ता पायी चालून, मान वर करून बघायचा. मी हे काम दुसऱ्याच्या सांगण्यावर सोडत नाही.

जमीन सपाट हवी. होडी एका बाजूला कलली असेल तर काठीही तिकडेच जाऊ बघते. ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवावा. जोडणी काढून दोघे मागच्या बाजूला चढले, की ट्रेलरचं पुढचं टोक शिसॉसारखं उचलतं. चाकांना दगड किंवा ठोकळे लावायचे. वारा असेल तर होडीची नाळ वाऱ्याकडे. झाडांच्या फांद्या सतत हलत असतील तर थांबायचं. कोकणात दुपारचा वारा सुटायच्या आत, सकाळीच हे उरकतं.

प्रवासात काठीचं बूड नाळेवरच्या कठड्याला टेकलेलं असतं आणि मागे मीटरभर शेंडा बाहेर. आधी ती सोडून मागे सरकवायची. मागच्या टोकाला बिजागरीपेक्षा अर्धा मीटर उंच अशी लाकडी घोडी आहे, तिच्यावर रबरी रोलर. बूड बिजागरीपर्यंत येतं तेव्हा काठीचा तोल घोडीच्या मागे गेलेला असतो आणि बूड फटकन वर उडतं. म्हणून एकाने बूड धरूनच ठेवायचं आणि दुसऱ्याने बिजागरीची पिन घालायची. पिनमध्ये वायसर आणि ती निसटू नये म्हणून दोन पायांची स्प्लिट पिन लगेच. नंतर घालू म्हटलं की ती राहते.

मग श्राउड आणि बॅकस्टे लावायचे, टर्नबकल (तार ताणायचे पेच) अर्धे सैल ठेवून. इथे जरा रेंगाळतो, कारण महागडं नुकसान इथेच होतं. काठी आडवी असताना सैल श्राउडचं टर्नबकल चेनप्लेटवर कुशीवर पडलेलं असतं. काठी वर जाऊ लागली की तार ताणते आणि टर्नबकल सरळ व्हायला बघतं. त्याचा जबडा चेनप्लेटच्या कडेला अडला, तर ते सरळ होत नाही आणि सगळा जोर आट्यांच्या दांड्यावर आडवा येतो. दांडा वाकतो. वाकलेला दांडा ठोकून सरळ करता येतो, पण तो पुन्हा भरवशाचा राहत नाही. आट्याच्या मुळाशी बारीक तडा गेलेला असू शकतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. उपाय अगदी स्वस्त आहे. वीतभर पीव्हीसी नळी उभी चिरून टर्नबकलच्या बुडावर चढवायची, म्हणजे ते उभंच राहतं. दोन्ही दिशांना वळणारा टॉगल, म्हणजे सांध्याचा जोड, असेल तर उत्तमच, पण नळी तरीही लावावी.

शेवटी एकदा हॅलियार्ड कुठे तारेखाली गेलेत का, स्प्रेडर (श्राउड बाहेर धरणारा आडवा दांडा) केबिनच्या झाकणात अडकतोय का, शेंड्यावरचा दिवा आणि त्याची वायर मोकळी आहे का, हे बघायचं. जे आडव्या काठीला दोन मिनिटांत होतं, त्यासाठी नंतर काठी परत खाली आणावी लागते.

चढवताना ओढणारा कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या बसायच्या खोलगट जागेत बसतो. दोर नाळेवरच्या कप्पीतून मागे विंचपर्यंत (दोर ओढायच्या रहाटापर्यंत) आणलेला, विंचवर दोन वेढे. दुसरा माणूस बाजूला उभा राहून फक्त तारा बघतो. त्याने काठीला हात लावायचा नाही. बोलायचं एकानेच. आमच्यात शब्द दोनच, "खेच" आणि "थांब". वीस अंशांवर एकदा थांबून दोन्ही बाजूंचे दोर आणि टर्नबकल तपासायचे, मग सरळ वर. जोर अचानक वाढला तर आणखी खेचायचं नाही. काहीतरी अडकलंय. काठीचं वजन वर जाताना कमीच होत जातं, वाढायचं काही कारण नसतं.

काठी उभी झाली की बॅकस्टे तिला पुढे जाऊ देत नाही. कप्पी-दोर क्लीटला (दोर अडकवायच्या खुंटीला) पक्का करून फोरस्टे नाळेवर लावायचा, आधी क्लेव्हिस पिन, म्हणजे जाड खिळी, मग तिच्यात स्प्लिट पिन. स्प्लिट पिनचे पाय वीसेक अंश फाकवले की पुरे. पार मागे दुमडले तर काढताना तुटतात आणि अंधारात तुम्ही पकड घेऊन बसता. पिना स्टेनलेसच्याच, साध्या लोखंडी पिनला समुद्राचे चार दिवस पुरतात. वरून टेप गुंडाळावी, नाहीतर शीड फाटतं.

ताण देताना मोठ्या शिडाचा हॅलियार्ड मोजपट्टीसारखा वापरतो. त्याचं टोक एका चेनप्लेटला टेकवून क्लीट करायचं आणि तसंच दुसऱ्या बाजूला न्यायचं. दोन्हीकडे सारखं आलं तर काठी मधोमध. आमचे टर्नबकल एम-८, आट्यांचा पेच सव्वा मिलिमीटर. एका बाजूला डावे आणि दुसऱ्या बाजूला उजवे आटे, म्हणून एका पूर्ण वेढ्याला तार अडीच मिलिमीटर आखडते. दोन्ही बाजूंना आळीपाळीने वेढा वेढा द्यायचा. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं तर आटे एकमेकांना धरून जाम होतात, मग करवतच लागते. लॅनोलिनचं ग्रीस लावून, सावकाश.

उतरवण्यात नवं फारसं नाही, क्रम उलटा. तरी गडबड उतरवतानाच जास्त होते, कारण दिवसभर उन्हात राहून माणसं घाईला आलेली असतात. पक्का नियम एकच : बाजूचे दोर, जिन पोल आणि कप्पी-दोर पूर्ण लागल्याशिवाय फोरस्टेला हात नाही. कप्पी-दोर इतका ओढायचा की फोरस्टे ढिला पडलेला डोळ्यांना दिसेल, मगच पिन. पिन ठोकून काढावी लागत असेल तर भार अजून फोरस्टेवरच आहे. काठी आधी हलतच नाही, कोणीतरी हलकेच मागे लोटावी लागते, आणि पहिल्या दहा-पंधरा अंशांनंतर वजन एकदम दोरावर येतं. तेव्हा विंचवरचे दोन वेढे उपयोगी पडतात. दोर हाताला गुंडाळायचा नाही. मागे काठीखाली कोणी उभं राहायचं नाही, घोडीची जागा बघायलाही नाही.

घाटासाठी बांधताना तारा काठीला दीड-दीड फुटावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळायच्या. सुतळी घाटात सैल होते, आणि सैल तार तीन तास काठीवर घासत राहिली तर ॲल्युमिनियमवर खोबण पडते. टर्नबकल काढून जुन्या पायमोज्यात घालतो, मागच्या शेंड्याला लाल फडकं बांधतो, आणि सगळ्या पिना मोजून डब्यात टाकतो. आमच्या होडीला अकरा लागतात. डब्यात दहा असतील तर आधी ट्रेलरखाली बघायचं.