पुरात गेलेले कार्ड

चिपळुणात प्लास्टिक सर्जन म्हणून बसल्यावर येतात ते मुख्यतः भाजलेले, कोयत्याने बोट कापून घेतलेले आणि दुचाकीवरून पडलेले रुग्ण. स्तनातील इम्प्लांट काढण्याची वेळ वर्षातून एखाद्या वेळीच येते. त्यामुळेच बाजारपेठेत राहणाऱ्या त्या ५८ वर्षांच्या बाई अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत.

२०१२ साली कर्करोगामुळे मुंबईत त्यांचा डावा स्तन काढला, त्याच शस्त्रक्रियेत सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले आणि मागाहून रेडिएशन दिले. अशा कोणत्याही परक्या वस्तूभोवती शरीर व्रणाची एक पिशवी विणते, आणि रेडिएशन झालेल्या जागी ती आवळत जाण्याचा धोका अधिक असतो. बाईंचा स्तन घट्ट, वेडावाकडा आणि दुखरा झाला होता, म्हणजे ही पिशवी किती आवळली आहे ते सांगणाऱ्या बेकर श्रेणीतली शेवटची, चौथी पायरी. "मॅडम, कुशीवर वळलं की पाटा ठेवल्यासारखं वाटतं," असे त्या म्हणाल्या. त्याआधीचे वर्ष त्यांना दोन ठिकाणी वेदनाशामक गोळ्या मिळाल्या होत्या आणि एकाने तर मालिश सुचवली होती. सोनोग्राफी करायला हवी, असे दोघांपैकी कोणालाही वाटले नव्हते.

आमच्या सोनोग्राफीत इम्प्लांटच्या आत शिडीच्या पायऱ्यांसारख्या समांतर रेषा दिसल्या, म्हणजे कवच फाटून आत दुमडले होते. भोवती पाणीही होते आणि खरी धास्ती त्याचीच होती. इतक्या वर्षांनी असे पाणी साठले, तर इम्प्लांटशी निगडित लिम्फोमा, म्हणजे भोवतालच्या पिशवीत होणारा लसिकापेशींचा कर्करोग, नाही ना, हे पाहावेच लागते. हा आजार प्रामुख्याने खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला आहे. त्यापायीच २०१९ च्या जुलैमध्ये एका मोठ्या कंपनीला तसे प्रकार जगभरातून परत मागवावे लागले. बाईंचे कोणते, हे इम्प्लांट बसवताना रुग्णाला मिळणाऱ्या माहितीच्या कार्डावरून कळले असते. "ते २२ जुलैच्या पुरात गेलं हो. कपाट खालच्या खोलीत होतं," सूनबाई म्हणाल्या. २०२१ चा तो दिवस चिपळूणकरांना वेगळा सांगावा लागत नाही. मुंबईच्या रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद मुलाने फोनमध्ये ठेवला होता, परंतु त्यात 'इम्प्लांट बसवले' एवढेच होते. कंपनी, आकार, अनुक्रमांक यांपैकी काहीही नव्हते. ज्याने ती ओळ लिहिली त्याला बारा वर्षांनंतरच्या सर्जनची आठवण झाली नसावी.

सुईने काढलेले ३५ मिलिलिटर पाणी पेशी-तपासणीसाठी आणि या लिम्फोमाची खूण शोधणाऱ्या सीडी३० चाचणीसाठी मुंबईला पाठवले. नऊ दिवसांनी आलेल्या अहवालात काही संशयास्पद नव्हते.

शस्त्रक्रिया जुन्याच व्रणातून केली. पिशवीत कॅल्शियम साचले होते. पात्याखाली ती अंड्याच्या कवचासारखी करकरत होती. आतला जेल म्हणजे थेट फणसाचा चीक. सलाइनने तो धुतला जात नाही, हत्यारे हातातून निसटतात, आणि इथे हाताला तेल चोळून सुटका होत नाही. कोरड्या गॉजने पुसत आणि हातमोजे बदलत आम्ही तो टिपून काढला. त्यानंतर इम्प्लांटच्या मागच्या बाजूच्या चकतीवर उठावाची अक्षरे दिसली. सिस्टरने दिवा तिरपा धरल्यावर आकार आणि अनुक्रमांक वाचता आले. पृष्ठभाग खरबरीत होता, परंतु तो प्रकार परत मागवलेल्यांच्या यादीत नव्हता. कार्ड गेल्यापासून जे कोणालाही सांगता येत नव्हते, ते असे चिकात बुडालेले सापडले.

पुढचा निर्णय मात्र अजून मनात घोळतो. सूनबाईंनी मोबाइलवर वाचून सबंध पिशवी एकसंध काढा, असा आग्रह धरला होता. लिम्फोमा असता तर तेच योग्य ठरले असते. परंतु रेडिएशनने पातळ झालेल्या फासळ्यांमधल्या स्नायूंना ती इतकी चिकटली होती, की ओढली असती तर फुफ्फुसाभोवती हवा शिरण्याची भीती होती. म्हणून दोन सेंटिमीटरचा तुकडा मी तिथेच ठेवला आणि उरलेली पिशवी तपासणीला दिली. तिचाही अहवाल स्वच्छ आला.

नवे इम्प्लांट बाईंना नको होते. टाके काढताना मी कागदावर अनुक्रमांकासह सर्व लिहून दिले, राहिलेल्या तुकड्याचीही ओळ घातली. सूनबाईंनी नेमके तेवढेच बोट ठेवून विचारले, "हा काढलाच असता तर?" मी फासळ्यांचे चित्र काढून समजावले. त्या मान हलवत होत्या, पण पटलेले दिसले नाही. बाईंनी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर दोरा बांधला आणि कपाट आता माळ्यावर आहे, असे मला दोनदा सांगितले. सहा महिन्यांनी सोनोग्राफी ठेवली आहे. ती तारीख मी माझ्या डायरीतही लिहिली आहे.