तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्रा जवळ असला की मुलं रडत नाहीत का?

रडतात की. काही भोकाड पसरतात, काही ओठ घट्ट मिटून बसतात, आणि एखादं कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून मुसमुसतं. मी आणि माझी लॅब्रॅडोर चिंगी (नाव ठेवलं तेव्हा ओंजळीत मावायची, आता 30 किलो) घाबरलेल्या मुलांना सोबत करायला दातांच्या दवाखान्यात जातो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याला 'नाही' ऐकायचं असतं, हेही दिसतं. पण कुत्रा म्हणजे भूल नव्हे. दुखणाऱ्या दातासाठी डॉक्टरांचं इंजेक्शनच लागतं.

मग आमचा उपयोग काय? मुलाची निम्मी भीती खुर्चीत बसायच्या आधीच साठलेली असते. बाहेर बाकावर बसून आतल्या मशीनची घरघर ऐकायची, लवंगेच्या तेलाचा तो वास घ्यायचा, आणि वर आईचं 'काही होत नाही रे' चालूच. आई इतक्यांदा सांगतेय म्हणजे नक्कीच काहीतरी होणार, एवढं चार वर्षांच्या पोरालाही कळतं. चिंगी काही समजावत नाही. धपकन आडवी होते आणि सुस्कारा सोडते. आधी हात हुंगू द्यायचा, मग छातीवर खाजवायचं, डोक्यावर एकदम थापटायचं नाही, हे मी दाखवते आणि मूल त्यात गुंततं. सकाळपासून सगळे त्याला सूचना देत असतात. इथे 'बस' म्हणणारं ते असतं आणि ऐकणारी चिंगी.

हे बाहेरच्या खोलीतच जास्त साधतं. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक अबोल मुलगा ठरलेल्या वेळेआधीच येऊन पोचला. त्यांचा जिंगल्स हा कुत्रा तेव्हा खोलीतच होता, आणि डॉक्टरांच्या आधी मुलाची त्याच्याशी गट्टी जमली. उपचारात कुत्र्याला सहकारी मानणारा त्यांचा लेख 1962 चा.

खुर्चीत गोष्ट वेगळी. पाठ मागे झुकते, दिवा डोळ्यांवर येतो, तोंड उघडं म्हणून बोलायची सोय नाही, आणि हातांना काही कामच उरत नाही. चिंगी शेजारच्या रुंद स्टुलावर पसरते, म्हणजे मुलाचा हात तिच्या पाठीवर पोचतो. सुई टोचताना मी ती बोटं बघते. आधी ताठ होतात, मग केसांत रुततात, आणि सुई निघाली की नकळत खाजवायला लागतात. रडणं तेव्हाही चालू असू शकतं, पण डॉक्टरांचा हात झटकला जात नाही.

'आधी सांगा, मग दाखवा, मग करा' ही मुलांच्या डेंटिस्टची जुनी रीत, 1959 पासून याच नावाने ओळखली जाते. आमच्याकडे 'दाखवा' चिंगीवर होतं. तिच्यासाठी वेगळा ठेवलेला आरसा घेऊन डॉक्टर दात मोजतात. तिचे 42, तुझे दुधाचे 20. बहुतेक मुलांना हा अन्याय वाटतो.

मात्र माझं खरं काम चिंगीकडे लक्ष ठेवण्याचं. आपल्याला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे 45,000 पर्यंत. दात साफ करायचं अल्ट्रासॉनिक मशीन बरेचदा या मधल्या पट्ट्यातच चालतं. आपल्याला नुसती फुसफुस वाटते, तिला काय ऐकू येत असेल कोण जाणे. शिवाय ड्रिल सुरू झालं की तुषार उडतात. म्हणून त्या वेळी आम्ही बाहेर. झोप नसताना जांभई, सारखे ओठ चाटणं, मान फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, यातलं काही दिसलं की काम अर्धवट असलं तरी मी तिला उठवते. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडतात, पडू देत. दिवसभर दवाखान्यात शोभेला कुत्रा ठेवणं मला पटत नाही. रुग्णालयात येणाऱ्या प्राण्यांबद्दल अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांनी 2015 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही एक भेट जास्तीत जास्त तासाभराची असं म्हटलंय.

स्वच्छतेचं विचाराल तर आधी आणि नंतर हात धुणं, कापलेली नखं, आणि कुत्र्याला कच्चं मांस अजिबात नाही. दमा किंवा ॲलर्जी असेल तर आम्ही येतच नाही. 'केस न गळणारा कुत्रा आणा' हा त्यावर उपाय नव्हे, कारण ॲलर्जी लाळेतून आणि कोंड्यातूनही होते.

यानंतरचा हमखास प्रश्न म्हणजे, 'आमचाच टॉमी आणला तर?' नका आणू. आपलं पोर रडायला लागलं की घरचा कुत्रा बिथरतो, डॉक्टरांवर गुरगुरूही शकतो. त्यापेक्षा अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, कुत्रा कधी असतो म्हणून. आणि तुमच्या मुलाला कुत्र्याचीच भीती वाटत असेल तर तेही तेव्हाच सांगा. आम्ही ती वेळ टाळू.