मॅलीफाऊल: चौथी खेप

मॅलीफाऊल हा ऑस्ट्रेलियातला जमिनीवर राहणारा पक्षी. तो अंडी अंगाखाली न उबवता पाला-वाळूच्या मोठ्या ढिगात पुरतो. आधी एक विनंती. ढिगाची जागा विचारू नका. दरवर्षी ढिगांची मोजदाद करणाऱ्या एका स्वयंसेवक काकांनी विश्वासाने दाखवली आहे.

परिसर सांगतो. मेलबर्नहून ॲडलेडच्या रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरवर निल गाव, त्याच्या दक्षिणेला लिटल डेझर्ट. नावात वाळवंट असलं तरी वाळूवर मॅलीची दाटी आहे. मॅली म्हणजे एकाच गड्ड्यातून चार-पाच खोडं फुटलेली बुटकी निलगिरी.

मे: पक्षी शून्य. दोन दिवस दुर्बीण गळ्यात घालून हिंडलो. पहिला ढीग मेलेला निघाला. वर कडक पापुद्रा, त्यावर दगडफूल. दुसरा मात्र मधोमध ताजा उकरलेला, चार पावलं रुंद खड्डा. नर हिवाळ्यात त्यात पालापाचोळा भरतो, पावसाने तो भिजला की वर वाळू लोटतो. पाला कुजतो आणि आत ऊब तयार होते.

सप्टेंबर: ढिगाला घुमट आलेला, पण मालक गायब. दर्शन झालं ते परतताना, डांबरी रस्त्याच्या कडेला. ट्रकमधून सांडलेला गहू टिपत होता. मोठ्या कोंबडीएवढा, मान करडी, पाठीवर तपकिरी-पांढरी-काळी नक्षी. गाडी थांबताच गोठला, मग एकेक पाऊल मोजत झुडपात शिरला. फोटो नाही. एवढ्या खेपा जंगलात आणि भेट हमरस्त्यावर! (याच गव्हापायी हे पक्षी गाड्यांखालीही येतात.)

नोव्हेंबर: यासाठीच ही नोंद. पहाटे चारला साठेक मीटरवर झुडपाआड बसलो. स्कोप (एकनळी मोठी दुर्बीण) ट्रायपॉडला अडकवायची प्लेट घरी विसरल्याने तो सॅकवर टेकवला. उजाडायच्या आत नर आला. पाठमोरा उभा राहून एका पायाने सप-सप वाळू मागे फेकायची, मग दुसऱ्या. तासाभरात पाठ दिसेनाशी होईल इतका खोल गेला. मग थांबला, डोकं खड्ड्यात घातलं आणि चोचभर वाळू घेऊन क्षणभर स्तब्ध. हाच त्याचा थर्मामीटर. अंड्यांभोवती ३३ अंशांच्या आसपास राखायचे असतात. पक्षिशास्त्रज्ञ हॅरी फ्रिथ यांनी १९५०च्या दशकात ढिगात विजेचे हीटर पुरून पाहिले होते. नराने त्यानुसार आपलं उकरणं-झाकणं बदललं. वाचलं होतं, पण ती चोचभर वाळू बघितल्यावर पटलं. मादी आली नाही. माझ्या मांडीखाली मुंग्यांचं बीळ होतं, हे आठ वाजता कळलं.

जानेवारी: इथे भर उन्हाळा, दुपारी चाळिशी पार. आता ऊब कुजणाऱ्या पाल्यापेक्षा उन्हाची जास्त. पहाटे ढीग उघडून गार केलेली वाळू नर परत लोटत होता. पिल्लू दिसेल ही आशा फोल ठरली. ते अंड्यातून फुटल्यावर वाळूतून एकटंच धडपडत वर येतं, आणि बाप समोर असला तरी विचारपूस नाही. कोल्ह्याच्या तोंडी गेलं नाही तर जगतं. (आपल्या देशात असा ढीग करणाऱ्या या कुळातला एकच, निकोबारचा मेगापोड. तोही माझ्या पाहायच्या यादीत राहिलाय.)

इथला शरद (मार्च ते मे) लागला की उलटा कारभार. ऊन आत पोचावं म्हणून नर भरदुपारी ढीग उघडतो. मार्चअखेर तीन दिवसांची रजा टाकली आहे. प्लेट आत्ताच सॅकमध्ये ठेवली.