रिकामा राहिलेला रकाना

साहित्यातील वाद आणि चळवळींचा पेपर सुरू झाला तेव्हा मी एका मोठ्या कागदावर तक्ता आखला होता. वादाचं नाव, काळ, लेखक, जाहीरनामा आणि तो कशाच्या विरोधात उभा राहिला, असे पाच रकाने. वास्तववादासमोर इब्सेन आणि १८७९ सालचं 'अ डॉल्स हाउस'. दादावादासमोर झ्यूरिक, १९१६. अतिवास्तववादासमोर ब्रेताँचा १९२४ सालचा जाहीरनामा. रकाने भरत गेले तसं विषय हातात येतोय असं वाटत होतं.

ॲब्सर्ड, म्हणजे जगण्यातली असंगती दाखवणाऱ्या नाटकाच्या ओळीत मात्र जाहीरनाम्याचा रकाना रिकामा राहिला. बरंच शोधलं, पण भरण्यासारखं काही मिळालंच नाही. कारण हे नाटककार कधी एकत्र बसले नव्हते आणि आपण अमुक एका चळवळीचे आहोत असं त्यांनी म्हटलंही नव्हतं. नाव आलं मागाहून, मार्टिन एसलिन या समीक्षकाच्या १९६१ सालच्या पुस्तकातून. त्याने प्रामुख्याने घेतलेले चार लेखक म्हणजे बेकेट, ॲडमॉव्ह, आयनेस्को आणि जेने. त्यांतले तिघे फ्रान्सबाहेर जन्मलेले: आयर्लंड, रशिया, रुमानिया. चौघेही लिहीत होते ते फ्रेंचमध्ये. तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की आपण 'वाद' म्हणून पाठ करतो ती पुष्कळदा वाचकाने नंतर लावलेली संगती असते.

बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' हे नाटक मी पहिल्यांदा एका बैठकीत, मनातल्या मनात वाचून संपवलं. एक झाड, व्लादिमिर आणि एस्त्रागॉन ही वाट पाहणारी दोन माणसं, न येणारा गोदो. दुसऱ्या अंकात झाडाला चार-पाच पानं फुटलेली, वाटेने येणारा पोझो आंधळा झालेला, त्याचा नोकर लकी मुका झालेला. मी लगेच अर्थ शोधायला लागले. असाइनमेंटमध्ये गोदो म्हणजे ईश्वर असं मांडलं आणि पुराव्यादाखल संवादांची रास लावली. गुण बेताचे मिळाले. समासात बाईंनी एकच वाक्य लिहिलं होतं: 'एवढंच सांगायचं होतं, तर मग नाटक कशाला लिहिलं?'

त्या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडलं नाही. पुढे वाचनात आलं की दिग्दर्शक ॲलन श्नायडरने गोदो कोण असं विचारल्यावर, ठाऊक असतं तर नाटकातच सांगितलं असतं, अशा अर्थाचं उत्तर बेकेटने दिलं होतं. म्हणजे माझ्या उत्तरापेक्षा माझा प्रश्नच चुकला होता. पण मग योग्य प्रश्न कोणता, हे काही उमगेना.

ते उमगलं एका मैत्रिणीमुळे. ती म्हणाली, 'आपण मोठ्याने वाचूया. मी व्लादिमिर, तू एस्त्रागॉन.' पहिल्या दिवशी आम्ही रंगसूचना गाळून नुसते संवाद भरभर वाचले आणि कंटाळलो. दुसऱ्या दिवशी तिने अट घातली की संहितेत जिथे 'मौन' आहे तिथे खरंच थांबायचं, मनात दहापर्यंत मोजायचं आणि मगच पुढची ओळ घ्यायची. दहा आकडे किती लांब असतात हे त्या दिवशी कळलं. सहा-सातपर्यंत पोहोचेतो मला अस्वस्थ वाटायला लागायचं, समोरच्याने काहीही बोलावं असं वाटायचं. आणि ती बोलली की सुटल्यासारखं व्हायचं. ओळीत काय आहे याला तेव्हा फारसं महत्त्व उरत नसे. बूट, टोपी, सलगम, काहीही चालेल. ही दोन माणसं एकमेकांना काही कळवण्यासाठी बोलत नाहीत, मौन अंगावर येऊ नये म्हणून बोलतात, हे मला त्या मोजण्यातून समजलं. नोट्समध्ये 'संवादाची निष्फळता' हे शब्द मीच चार वेळा लिहिले होते. एकदाही मला त्यांचा अर्थ लागला नव्हता.

मग एसलिन पुन्हा काढला आणि त्याचा मुख्य मुद्दा आता सरळ दिसला. फ्रेंच लेखक काम्यूने १९४२ मध्ये, पुन्हा पुन्हा तोच दगड डोंगरावर ढकलणाऱ्या ग्रीक पुराणातल्या सिसिफसच्या निमित्ताने, जगण्यातल्या असंगतीची चर्चा केली, ती सुसूत्र, तर्कशुद्ध वाक्यांत. या नाटककारांनी चर्चा सोडून दिली आणि नाटकाचा आकारच असंगत केला. एसलिनच्या पुस्तकाची सुरुवातही म्हणूनच मला फार आवडते: १९५७ साली सॅन क्वेंटिन तुरुंगात सुमारे १४०० कैद्यांसमोर झालेला 'गोदो'चा प्रयोग. जाणकार प्रेक्षकांनाही चक्रावून टाकणारं नाटक त्या कैद्यांना थेट भिडलं. वाट पाहणं म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

इथे मराठी शब्दाबद्दल एक सांगावंसं वाटतं. 'ॲब्सर्ड'साठी बरेच जण 'निरर्थक' लिहितात, मीही लिहीत असे. पण मूळ लॅटिन शब्दाचा एक अर्थ बेसूर, सुराशी न जुळणारा असा आहे. 'असंगत' म्हटलं की तो अर्थ आपोआप येतो, कारण गाण्यातली साथसंगत आपल्या कानात असते. सूर आहे, संगत सुटली आहे. अर्थच नाही असं म्हणण्यापेक्षा हे कितीतरी नेमकं आहे.

आयनेस्को त्यामानाने लवकर जवळचा वाटला. इंग्रजी शिकण्याच्या पुस्तकातली वाक्यं उतरवताना त्याला १९५० सालचं 'द बाल्ड सोप्रानो' सुचलं. आठवड्यात सात दिवस असतात, छत वर असतं, अशी वाक्यं. त्यात मार्टिन पती-पत्नी अनोळखी माणसांसारखे भेटतात आणि पुरावे जुळवत जुळवत आपण नवरा-बायको आहोत अशा निष्कर्षाला येतात. नंतर मोलकरीण येऊन प्रेक्षकांना सांगते की त्याच्या मुलीचा उजवा डोळा पांढरा आहे आणि हिच्या मुलीचा डावा, तेव्हा निष्कर्ष चूक. माझ्या तक्त्याचीही रीत तीच होती, पुरावे जुळले की विषय बंद. जेने अजून मला नीट पेललेला नाही.

परीक्षेत प्रश्न आला तो ॲब्सर्ड नाटकाच्या पार्श्वभूमीचा. मी दुसऱ्या महायुद्धाबद्दल लिहिलं, पण तेवढ्यावर थांबले नाही. याच वळणाचं, जारीचं 'उबू रॉय' हे नाटक १८९६ मध्येच रंगमंचावर येऊन गेलं होतं, त्यामुळे सगळं कारण युद्धावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही.

सेमिनारसाठी आम्ही दोन्ही अंकांचे शेवट सादर केले. ओळी जवळपास त्याच आहेत, फक्त बोलणारे बदलतात. पहिल्या अंकात 'जायचं का?' एस्त्रागॉन विचारतो, दुसऱ्यात व्लादिमिर. उत्तर येतं, 'चल, जाऊ.' आणि रंगसूचना सांगते, ते हलत नाहीत. तिथे किती वेळ उभं राहायचं यावर आमचा रोज वाद व्हायचा. शेवटी मोजायचं नाही असं ठरवलं.

आता बेकेटचंच 'क्रॅप्स लास्ट टेप' घेतलंय. एकोणसत्तर वर्षांचा एकटा माणूस, आपल्या एकोणचाळिसाव्या वर्षीच्या आवाजाची टेप ऐकणारा. पात्र एकच, म्हणून आम्ही आळीपाळीने वाचतो. काल मैत्रीण एका विरामापाशी थांबली आणि म्हणाली, 'गोदोत तू समोर होतीस. इथे मी कोणाच्या बोलण्याची वाट पाहायची?' आम्ही तिथपर्यंतच वाचलंय.