मसूर, साय आणि आंबेहळद

आज दुपारी लेकीसोबत चेहऱ्याचा लेप केला. मसुराची डाळ मिक्सरवर फिरवून वस्त्रगाळ केली, कारण पीठ रवाळ राहिलं तर गाल ओरबाडले जातात. दोन चमचे पीठ, चमचाभर साय, चिमूटभर आंबेहळद, कालवायला गुलाबपाणी. पूर्ण वाळू द्यायचा नाही. कडा पांढुरक्या दिसू लागल्या की ओल्या बोटांनी हळूहळू सोडवायचा.

लेक म्हणाली, “आई, लिंबू पिळू का गं?” अजिबात नाही! लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) २ च्या आसपास, त्वचेचा ५ च्या. शिवाय तो लावून उन्हात गेलं तर काळे डाग पडू शकतात. मैत्रिणींनो, खरंच टाळा.

गाल काय मऊ झालेत तिचे! उरलेलं कोरडं पीठ बरणीत भरलंय. साय मात्र दर वेळी ताजीच घेणार.