घाटात गिअरबॉक्सचं तापमान मोजताना

ऑटोमॅटिक गाडीने पोलादपूरहून आंबेनळी घाट चढत होतो. पुढे लादलेला ट्रक, मागच्या सीटवर आई. अचानक डॅशबोर्डवर सूचना आली, गिअरबॉक्स गरम झालाय, गाडी थांबवा. इंजिनाच्या तापमानाचा काटा मात्र नेहमीच्या जागी, मधोमध. तो काटा गिअरबॉक्सबद्दल काहीच सांगत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

पुण्याला परतल्यावर स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडीच्या संगणकाची माहिती वाचायच्या जागी, ब्लूटूथ डोंगल लावलं. मोबाइलवर कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं तापमान लगेच दिसलं, गिअरबॉक्सचं नाही. त्यासाठी बहुतेक कंपन्यांचा आपापला कोड असतो, तो ॲपमध्ये हाताने भरावा लागतो. पहिला कोड भरला तर उणे ४०! गाडीकडून शून्य येत होतं आणि सूत्र त्यातून ४० वजा करत होतं, म्हणजे कोडच चुकलेला. तिसरा चालला. पण आकडा खरा कशावरून? गाडी रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी सुरू करताच पाहिलं: कूलंट २४, गिअरबॉक्सही २४. तेव्हा विश्वास बसला.

मग पुन्हा तोच घाट. सपाटीवर ८५ च्या आसपास असलेला आकडा ट्रकमागे रांगताना ११४ वर गेला. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा तेलाने भरलेला भाग, लॉक होत नाही तोवर इंजिनाची ताकद तेलातूनच पुढे जाते. तेल घुसळलं जातं आणि तापतं. ट्रकला पुढे जाऊ दिलं, मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर धरला आणि एका वेगाने चढलो. आकडा हळूहळू शंभराखाली आला. वाहतूक तुंबली की आता हँडब्रेक ओढून न्यूट्रल करतो, इंजिन बंद करत नाही. इंजिन चालू असलं की पंप तेल कूलरकडे फिरवत राहतो.

गिअरबॉक्सचं तेल 'आयुष्यभराचं' आहे, बदलायची गरज नाही, असं मला सांगितलं होतं. तरी बदलून घेतलं. लाल असायला हवं ते तेल काळपट निघालं, जळका वास येत होता. माझ्या गाडीत नव्या तेलाची पातळी ३५ ते ४५ अंशांमध्येच तपासायची असते. मिस्त्री गाडीखाली, मी मोबाइल धरून आकडे वाचत होतो. ४१ म्हणताच त्यांनी पातळी तपासायचा प्लग सोडला. आधी जास्तीच्या तेलाची धार आली, मग नुसते थेंब.

"बस," ते म्हणाले, आणि प्लग आवळला.